'सगळ्या अंगणवाड्या सारख्याच असतात' म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातल्या अंगणवाड्या ज्यांच्याकडं आहेत ते साहेब-मॅडम,
आणि शाळांमधल्या बालवाड्या ज्यांच्याकडं आहेत ते साहेब-मॅडम,

नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण दोन्ही ऑफिसांत मला दुसऱ्या ऑफिसला जा म्हणून सांगितलं आणि माझी मुलगी तर एकच आहे.

ती आता साडेतीन वर्षांची आहे. मी घरी शिलाईकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको असं, आणि मिस्टर शिरोलीला फौंड्रीत शिफ्टला असतात. इंग्लिश नर्सरीची फी आम्हाला जमणारी नाही, पण जमली असती तरी आधी सरकारी बघूया असं आमचं दोघांचं ठरलं होतं, मी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलेय आणि तिथल्या बाईंची मला आजही आठवण येते. तर एप्रिलमध्ये मी तुमच्यापैकी एका ऑफिसात गेले आणि विचारलं की आमच्या भागात पोरीला घेऊन चालत जाता येईल अशा अंगणवाड्या आणि बालवाड्या किती आहेत, कुठं काय सोय आहे, कुठं जागा शिल्लक आहे, त्याची यादी मिळेल का. टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं, "सगळ्या सारख्याच असतात ताई, जवळची बघा आणि घाला." यादी म्हणाल तर ती बाहेर देत नाहीत म्हणाले. दुसऱ्या ऑफिसात गेले तर तिथं म्हणाले अंगणवाडीचं आम्हाला काय माहीत नाही, तो विभाग वेगळा, आमच्या बालवाडीचं विचारायचं असेल तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा.

"सारख्याच असतात" हे मला काही केल्या पटेना. म्हणून मी जाऊन बघितलं. कापड मोजायची टेप घेतली, एक वही घेतली आणि पंधरा दिवसांत पाच ठिकाणं बघितली, सकाळी पोरं हजर असतात त्या वेळेला, पोरीला कडेवर घेऊन. जे बघितलं ते खाली लिहिते. ठिकाणांची नावं घालत नाही, कारण नाव घातलं की पहिली नोटीस तिथल्या सेविका ताईला जाईल, आणि ताईंबद्दल माझी तक्रार नाही, आहे ते त्यांच्यामुळंच चाललंय.

घराजवळची अंगणवाडी भाड्याच्या खोलीत आहे. मी टेप लावली, दहा फूट बाय बारा फूट. म्हणजे एकशे वीस चौरस फूट, त्यात एक लोखंडी कपाट, आहाराच्या पाकिटांची पोती, वजनकाटा, ताईंची खुर्ची आणि उरलेल्या जागेत सतरा पोरं. केंद्राच्या नियमात अंगणवाडीची नवी इमारत किमान ६०० चौरस फुटांची असावी असं आहे, बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, सामानाला जागा, लहान पोरांना वापरता येईल असं संडास, खेळायला जागा. इथं संडास नाहीच. पोराला लागली की मदतनीस मावशी त्याला घेऊन घरमालकांच्या दारात उभ्या राहतात, ते घरात असले तर ठीक, नाहीतर गटारीच्या कडेला. माझी मुलगी आहे हो. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलीला गल्लीत गटारीला बसवायचं?

आणि त्याच खोलीतल्या ताई इतक्या चांगल्या आहेत की काय सांगू. चिंचोके, बाटल्यांची बुचं, शंख-शिंपले, माझ्यासारख्या शिलाईवाल्यांकडनं मागून आणलेल्या चिंध्या, एवढ्यावर त्या पोरांना मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठं लावायला शिकवतात. माझी पोरगी परक्या माणसाकडं जात नाही, ती तिथं दहा मिनिटांत कडेवरनं उतरली आणि बडबडगीत म्हणायला लागली. मी घरी येऊन रडले खरं, की एवढी चांगली बाई आणि एवढी वाईट खोली.

दुसरी एका तालमीच्या हॉलमध्ये आहे. हॉल मोठा, हवा-उजेड चांगला. पण जागा मंडळाची, त्यामुळं गणपतीत, जयंतीला, कुणाचं काही कार्य निघालं तर अंगणवाडी बंद. मंडळाच्या पोरांचा यात दोष नाही, त्यांनी जागा दिली म्हणून तर ती चालतेय, त्यांचे आभारच मानायला पाहिजेत. पण बंद असलेल्या दिवशी पोरांचा आहार कुठं जातो? तिथल्या मावशींना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

तिसरी नदीच्या बाजूला. आत गेल्या गेल्या ओलीचा वास. भिंतीवर नवीन रंग आहे, हत्ती-ससे काढलेत, पण रंगाच्या खालनं पाण्याची रेघ दिसते, एक २०१९ ची आणि तिच्या जरा वर २०२१ ची, ताईंनी बोट ठेवून दाखवली. २०१९ ला रजिस्टर, खेळणी, सतरंज्या सगळं गेलं म्हणाल्या. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ आहे. मग ३९ फुटाला या अंगणवाडीचं सामान कुठं हलवायचं, पोरं कुठं बसवायची, आहार कुठं पोचवायचा हे कुठंतरी लिहिलेलं असेल की नाही? ताईंना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, त्या वेळेला मी माझ्या घरातलं सामान हलवत असते, त्यातनं वेळ काढून रजिस्टर डोक्यावर घेऊन जाते.

चौथी आणि पाचवी एकाच कंपाउंडमध्ये आहेत आणि मला खरं तर याच दोघींबद्दल बोलायचंय.

महापालिकेच्या एका शाळेचं आवार आहे. गेटमधनं आत गेलं की डाव्या हाताला अंगणवाडी, उजव्या हाताला शाळेची बालवाडी, म्हणजे लहान गट आणि मोठा गट. मध्ये एक लिंबाचं झाड. दोन्हीकडं तीन ते सहा वर्षांची पोरं. डावीकडची पोरं एका विभागाची, उजवीकडची दुसऱ्या विभागाची.

डावीकडं खोली चांगली, फरशी, नळ, संडास सगळं आहे. पण ताई एकच आणि तिच्याकडं शेजारच्या गल्लीतल्या अंगणवाडीचाही चार्ज, कारण तिथली जागा रिकामी आहे. त्यामुळं ती एक दिवस इथं, एक दिवस तिथं, आणि ती नसते त्या दिवशी मावशी पोरं सांभाळतात. खेळण्यांचं किट आलंय, कपाटात प्लास्टिकसकट बंद, कारण मोडलं तर तपासणीला काय दाखवायचं ही भीती. डबा येतो, उसळ किंवा खिचडी, पोरं खातात आणि घरी जातात.

उजवीकडं चाळीसच्या वर पोरं आणि एक बाई. भिंतीला एबीसीडी, एक ते शंभर, पाटीवर गिरवणं चाललेलं. साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन तेच अक्षर दहा वेळा गिरव म्हणून बसवलेलं. मी बाईंना हळूच विचारलं, खेळ कधी असतो? म्हणाल्या, "आई-वडिलांना वही भरलेली दिसायला लागते हो, नाहीतर पोरं काढून नर्सरीत घालतात, पट कमी झाला की माझं काम जातं." त्यांचंही काय चुकलं सांगा. आणि डबा नाही. पहिलीच्या पोरांना शाळेत खिचडी वाढत होते, आणि भिंतीपलीकडं बालवाडीची पोरं घरनं आणलेला बिस्किटाचा पुडा खात होती, एक पोरगं खिडकीतनं बघत होतं. शाळेच्या पोषण आहाराच्या केंद्राच्या योजनेत २०२१ पासून पहिलीच्या आधीच्या बालवाटिकेची पोरं पण धरलेली आहेत. तर मग या पोरांच्या ताटात ती खिचडी का नाही?

आता आयांनी काय केलंय बघा. सकाळी पोराला उजवीकडं बसवतात 'अभ्यासाला', आणि डबा यायच्या वेळेला हात धरून डावीकडं आणतात 'जेवायला'. एका पोराचं नाव दोन्ही रजिस्टरला. मला तीन आया भेटल्या अशा, आणि त्यातली एक म्हणाली, "काय करणार, एकीकडं शिकवत नाहीत, दुसरीकडं खायला देत नाहीत." लिंबाच्या झाडाखालनं रोज हे पोर इकडनं तिकडं जातंय. तुमच्या कागदावर त्या एका पोराची दोन पोरं झालीत. आणि तुम्ही दोघं साहेब त्या झाडाखाली एकदा तरी बरोबर उभे राहिलाय का, हा माझा प्रश्न आहे, मनापासून विचारतेय.

म्हणून माझ्या तक्रारी आता एकेक करून.

पहिली, "सारख्याच असतात" हे खरं नाही आणि तुम्हालाही ते माहीत आहे. लोकांना तर फार आधीपासनं माहीत आहे. जरगनगरच्या महापालिका शाळेत गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी आई-बाप आदल्या रात्रीपासून रांगेत उभे राहतात हे पेपरात येतं, मग ते काय उगीच उभे राहतात? त्या शाळेनं करून दाखवलं म्हणून रांग लागते, चांगलीच गोष्ट आहे, आपल्या गावाला अभिमान आहे. पण ज्या आईला रात्रभर रांगेत उभं राहता येत नाही, जिची शिफ्ट आहे, जिला त्या शाळेचं नावच कुणी सांगितलं नाही, तिच्या पोराला काय मिळायचं ते नशिबावर सोडलंय. आम्ही तुलना करतो ती ऐकीव माहितीवर, नळावर आणि भाजी मंडईत. तुमच्याकडं सगळी खरी माहिती आहे. ताई रोज मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी भरते, आहार भरते, वजन-उंची भरते. माझ्या पोरीची माहिती वरपर्यंत जाते, आणि मला मात्र कुठल्या अंगणवाडीत संडास आहे एवढंसुद्धा कळत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, त्याच्या कलम ४ मध्ये कुणी अर्ज करायच्या आधीच ऑफिसनं आपणहून माहिती लावायची असं आहे. मला यादी बाहेर देत नाही म्हणून परत पाठवलं ते कुठल्या नियमात बसतं?

दुसरी, दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरतं, तीन वर्षं अंगणवाडी नाहीतर बालवाडी आणि पुढं पहिली-दुसरी. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत होते हे त्याच धोरणात लिहिलंय, आणि शिक्षण, महिला-बालविकास, आरोग्य सगळ्यांनी मिळून हे काम करायचं हेही त्यातच आहे. दिल्लीत एकत्र बसायचं ठरतं आणि आमच्या एका कंपाउंडमध्ये जमत नाही, असं का?

तिसरी, आहार. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तीन ते सहाच्या पोराला अंगणवाडीत सकाळचा नाष्टा आणि गरम जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन मिळायला पाहिजे, हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. २०१७ ला केंद्रानं त्यासाठी एका पोरामागं दिवसाला ८ रुपये दर ठरवला. मी घर चालवते साहेब, आठ रुपयात आज काय येतं ते मला कळतं. डबा देणाऱ्या बचत गटाच्या बायकांचं पण मला वाईट वाटतं, त्या पातळ उसळीत त्यांचीही ओढाताण आहे. दर तुमच्या हातात नाही हे मला समजतं, पण डबा किती वाजता येतो, किती येतो, आला नाही तर कुणाला फोन करायचा हे तुमच्या हातात आहे.

चौथी, ताईंचा वेळ. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे फॉर्म कुणी भरले? ताईंनी. मतदार यादीचं काम, सर्व्हे, लसीकरणाला बायकांना बोलावून आणणं, गृहभेटी, सगळं त्याच. मग पोरांसमोर बसायला तास किती उरला? डिसेंबर २०२३ ला सुरू झालेला त्यांचा संप जानेवारीच्या अखेरपर्यंत चालला, त्या वेळेला अंगणवाड्यांना कुलूप होतं आणि लोक त्यांना नावं ठेवत होते. मला आता पाच ठिकाणं बघून कळतंय की त्या का बसल्या होत्या. रिकाम्या जागा भरल्या नाहीत तर दोन केंद्रं सांभाळणारी ताई दोन्हीकडची पोरं अर्धीच सांभाळणार, त्याला ती तरी काय करणार.

पाचवी लहान आहे पण माझ्यासाठी मोठी आहे, संडास आणि पाणी. यावर जास्त लिहायला लागू नये.

एक गोष्ट राहिली. अंगणवाडी या शब्दात अंगण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यावरची पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तिथनं हा शब्द आला. १९७५ ला २ ऑक्टोबरला सरकारची योजना सुरू झाली ती त्याच्यानंतर किती वर्षांनी. आणि आपल्या कोल्हापुरात तर लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, पोरांना भीती न घालता, आनंदानं कसं शिकवायचं हे बघायला बाहेरनं लोक आपल्या गावात आले. म्हणजे कसं करायचं हे बघायला आपल्याला लांब कुठं जायला नको. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो, तीन ते सहासाठी सरकारनं सोय 'करता येईल' एवढंच त्यात आहे, म्हणून कोर्टात जाऊन भांडायला आम्हाला आधार कमी पडतो. पण शाहू महाराजांनी १९१७ ला या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं तेव्हा दिल्लीच्या कायद्याची वाट बघितली नव्हती.

माझ्या माहेरी, कागल तालुक्यात, भावाची मुलगी अंगणवाडीत जाते. स्वतःची इमारत, पुढं परसबाग, शेवग्याचं झाड, पोरं स्वतः पाणी घालतात, आणि त्याच बागेतला पाला भाजीत पडतो. तिथं जमतंय तर शहरात जागा नाही एवढंच उत्तर मला नको, कारण पट कमी झालेल्या शाळांच्या खोल्या कुलूप लावून पडलेल्या मी या पंधरा दिवसांत डोळ्यानं बघितल्यात.

मागण्या साध्या आहेत.

वॉर्डवार एक यादी करा, अंगणवाड्या आणि बालवाड्या एकाच कागदावर, विभाग कुठलाही असो. प्रत्येकीपुढं एवढंच लिहा, जागा स्वतःची की भाड्याची, किती चौरस फूट, संडास आहे का, पाणी आहे का, पटावर किती पोरं, ताई-बाई किती आणि जागा रिकामी आहे का, डबा किती वाजता, गेल्या महिन्यात किती दिवस उघडी होती. ही यादी वॉर्ड ऑफिसला आणि प्रत्येक केंद्राच्या दारावर लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि दर तीन महिन्यांनी बदला.

ज्या आवारात दोन्ही आहेत तिथं दोन्ही विभागांनी बसून एकच वेळापत्रक करा. ताट सगळ्यांना, खेळ सगळ्यांना, आणि पाच वर्षांच्या आतल्या पोराच्या हातातनं ती गिरवायची वही काढा. आई-वडिलांना काय सांगायचं ते तुम्ही येऊन सांगा, बाईंच्या गळ्यात ते टाकू नका.

भाड्याच्या ज्या खोलीत संडास नाही ती अंगणवाडी जवळच्या शाळेतल्या बंद खोलीत हलवा, पण लांब नको, आईला पोर घेऊन चालत जाता आलं पाहिजे, आणि हलवायच्या आधी त्या गल्लीतल्या आयांना विचारा.

नदीकाठच्या केंद्रांसाठी पावसाळ्याच्या आधी लिहून द्या की ३९ फुटाला सामान कुठं आणि पोरं कुठं. यंदाचा पाऊस तोंडावर आलाय, हे आधी करा.

खेळण्यांचं किट उघडायला ताईंना लेखी परवानगी द्या. मोडलं तर मोडलं म्हणून लिहा. पोरांनी खेळून मोडलेलं खेळणं तिच्या पगारातनं कापलं जाणार नाही हे तिला कुणीतरी सही करून सांगा.

मी माझी वही दोन्ही ऑफिसांत झेरॉक्स करून आवक-जावकला देणार आहे, पोच घेणार आहे. माझ्या पोरीचं नाव मी त्या दहा बाय बाराच्या खोलीतच घातलंय, ताईंसाठी. घरनं निघताना तिला संडासला बसवूनच नेते आणि अकरा वाजता एकदा जाऊन बघून येते, तेवढा वेळ मशीन बंद. आमच्या गल्लीतल्या अजून चार आया असंच करतात. तुमच्यापैकी कुणी आलात तर सोमवार ते शनिवार अकरा वाजता आम्ही दारातच भेटू.

आपली,
साडेतीन वर्षांच्या मुलीची आई
कोल्हापूर